पेशकारांच्या फडताळाच्या बिजागऱ्या

जुन्या जालन्यात बिजागरीसारख्या वस्तूवर आमच्या शेजारच्या निवृत्त पेशकारांइतका विचार दुसऱ्या कुणी केला असेल, असं मला वाटत नाही. तहसील कचेरीत तीस वर्षं त्यांनी साहेबांपुढं फायली ठेवल्या. त्या काळात एकही कागद आपल्या हातून घाईनं पुढं सरकला नाही, असं ते अभिमानानं सांगत. ज्यांचे कागद होते तेही तेच सांगत, अभिमान वगळून. कचेरी सुटली, सवय सुटली नाही. पावशेर वांगी घेण्याआधी ते दोन भाजीवाल्यांचं म्हणणं ऐकून घेत. चहा की सरबत, याचं उत्तर पाहुण्यानं चटकन दिलं तर "विचार करून सांगा" म्हणत.

मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, संधिवात जडला. स्वयंपाकघरातल्या फडताळाची दारं जड सागवानी होती आणि लोखंडी बिजागऱ्या गंजलेल्या. उघडायला दोन्ही हातांचा जोर लागे. पेशकारांनी सुताराकडून दारं उतरवून घेतली आणि जाहीर केलं, की नुसतं मनगट कडीत अडकवून ओढलं तरी उघडेल असं दार ते करून देणार. काकूंची अपेक्षा लहान होती. कुणाला हाक न मारता चहाचा डबा आपला आपण काढायचा, एवढीच.

मग ओसरीत सुनावणी सुरू झाली. लोखंडी सामानाचा दुकानदार स्प्रिंगच्या बिजागरीची बाजू मांडत होता, सुतार पितळीची. पेशकारांनी बोटं वापरता येऊ नयेत म्हणून स्वतःच्या मुठीला पंचा गुंडाळून स्प्रिंग लावून पाहिलेल्या दाराची परीक्षा घेतली. दार उघडलं आणि फटकन परत येऊन त्यांच्या नाकावर बसलं. "नामंजूर," ते नाक धरून म्हणाले.

"साहेब, तीन-तीन पितळी लावा अन् मोकळे व्हा," सुतार म्हणाला. "दार बराबर फिरतं. आवाज बिलकुल न्हाई."

"पितळ किती वर्षांत झिजतं, ते सांग."

"झिजंल की. तवर आपणबी झिजतो."

पेशकारांनी पुढची तारीख दिली. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तुमच्या तारखा चालू द्या. माझी बोटं थांबून न्हाई राह्यली!"

सगळे हसले. मीही हसलो.

तारखा पडत गेल्या. उघड्या फडताळात मांजर शिरू लागलं, तेव्हा काकूंनी जुन्या लुगड्याचा पडदा लावून घेतला. पेशकार औरंगाबादला जाऊन नमुने आणत, त्यांना तेल देत, ते पाण्यात बुडवून गंज चढतो का ते पाहत. हे सारं काकूंसाठीच चाललं होतं, याबद्दल गल्लीत कुणाला शंका नव्हती. काकूंनाही नव्हती.

दोन वर्षांनी निकाल लागला. प्रत्येक दाराला तीन पितळी बिजागऱ्या. सुतारानं त्या तासाभरात बसवल्या.

आम्हा शेजाऱ्यांना बोलावणं होतं. काकूंनी कडीत मनगट अडकवलं. दार हलकेच, आवाज न करता उघडलं. पेशकारांनी आमच्याकडं पाहिलं. काकूंनी डब्याकडं दोन्ही हात नेले. बोटं डब्याभोवती वळली नाहीत. डबा जरासा सरकला आणि तिथंच राहिला.

"दार झकास झालं हो," त्या म्हणाल्या. "आता डबा तेवढा काढून द्या."

पेशकारांनी तो लगेच काढला. इतक्या लगेच त्यांनी काही केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढं काकू होत्या तोवर सकाळचा चहा तेच करत. फार पातळ होई. तो बशीत ओतून ते निवेपर्यंत फुंकत आणि बशी काकूंच्या ओठांना लावत. काकू तो सगळा पीत.