अण्णांच्या नावापुढचा रकाना

सर्व्हे हा शब्द आमच्या घरात अण्णांनी आणला. अण्णा म्हणजे माझे वडील. बेंगळुरातल्या आमच्या जुन्या मराठी घरांत वडिलांना असंच म्हणत. ते जमीनमोजणीत साखळी ओढायचे. जयनगरचे प्लॉट आखले जात होते तेव्हा रागीच्या शेतांतून साखळीचं पुढचं टोक धरून ते चालायचे आणि मागून मोजणीदार ओरडायचा, "एडक्के! स्वल्प एडक्के!" म्हणजे डावीकडे, जरा डावीकडे. वाकलेल्या कडीनं साखळी आखूड होते. म्हणून रोज सकाळी ती दोन पुरलेल्या दगडांमध्ये ताणून बघायची, कड्या हातोडीनं सरळ करायच्या. हे काम मोजणीदार दुसऱ्या कुणाला देत नसे. कुणी विचारलं की अण्णा सांगायचे, "सर्व्हेत आहे."

कॉलेजात मला सर्व्हे भेटला तो पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणात, सगळ्या विषयाचा वरवरचा आढावा म्हणून. नोकरी लागली ती आणखी तिसऱ्याच सर्व्हेत. घरोघर जायचं, माणसं किती, शिकलेली किती, कामं कोणती, ते छापील फॉर्मात भरायचं. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. अण्णा मात्र चिकपेटेतल्या ओळखीच्या कापडवाल्याला म्हणायचे, "आता आम्ही दोघंही सर्व्हेत." मला ते झोंबायचं.

साठ-एकसष्टच्या सुमारास सर्व्हेच्या यादीत नेमकं आमचंच घर निघालं. स्वतःच्या घराचा फॉर्म दुसऱ्यानं भरायचा, असा नियम होता. पण ऑफिसातल्या कुणी आमची एक खोली बघावी, हे मला नको होतं. मीच बसलो भरायला.

अण्णा धुतलेला सदरा घालून समोर बसले. आई म्हणाली, "साहेब, फॉर्म नंतर. आधी कॉफी घ्या आमच्या घरची."

"व्यवसाय?" मी विचारलं.

"लिही, सर्व्हे."

"सर्व्हे हे खात्याचं काम झालं, अण्णा. तुम्ही स्वतः काय करता?"

"साखळी धरतो. तुला माहीत नाही?"

मी लिहिलं. फॉर्म इंग्रजीत होता. अण्णांनी बोट ठेवून विचारलं, "इथं काय लिहिलंस?"

"अकुशल मजूर." मी स्पष्ट बोलणारा माणूस, खोटं कशाला सांगू?

"अकुशल म्हणजे?"

"ज्याला काही शिकावं लागत नाही असं काम."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच अण्णा म्हणाले आणि सदरा काढून खुंटीला लावला. आई माझ्याकडे बघत होती. तिनं कॉफी पुढं केली.

आठवड्यानं सुपरवायझरनं फॉर्म परत केला. "साखळीवाला इतकी वर्षं काम करतोय आणि अकुशल? बी.ए. ना तुम्ही? सूचना वाचा." सूचनांत तो वर्ग वेगळा, चक्क छापलेला होता: मोजणीतला कसबी मदतनीस. मी चुकीवर रेघ मारली, नीट लिहिलं, सही केली.

घरी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. खरं कारण एवढंच, की बी.ए. झालेल्या मुलानं सूचना न वाचता बापाची किंमत ठरवली, हे बापापुढं कबूल करायला जीभ रेटेना.

अण्णांनी त्यानंतर सर्व्हेचं नाव काढलं नाही. माझ्या लग्नाची बोलणी मल्लेश्वरमला मुलीच्या घरी झाली. तिच्या वडिलांनी सहज विचारलं, "आपण काय करता?"

"मजुरी," अण्णा म्हणाले. "सर्व्हेत आमचा मुलगा आहे."

मान खाली घालून नाही, सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाले; माझ्या हुद्द्याला आपल्या कामाचा कमीपणा लागू नये म्हणून जपून. माझ्या हातात उप्पीटाची बशी होती. खरं काय ते तिथं एका वाक्यात सांगता आलं असतं. मी खात राहिलो. अण्णा पुढं आणखी सहा वर्षं जगले.