मास्तरांनी शेकलेला चांद

आमच्या सायन्सच्या मास्तरांइतका आपल्या विषयाने झपाटलेला माणूस मंगरूळपीरने दुसरा पाहिला नाही. पाहिला असता तर गावाला तो झेपलाही नसता. इंग्रजी अमदानीतली गोष्ट, मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायचो. मास्तरांच्या खिशात कायम लोहचुंबक असे, त्यामुळे त्यांचे घड्याळ कधी खरे बोलले नाही. लग्नात सगळे पंगतीला बसले की हे वाजंत्र्यांपाशी, ढोलाचा ठोका छातीत का घुमतो ते नवरदेवाच्या मामाला समजावत. आणि बाजार उठता उठता दर्ग्याच्या वाटेवर पितळी दुर्बीण मांडून दिसेल त्याला चंद्र दाखवत.

तिथेच एका संध्याकाळी बांगड्या भरणारी आपा थांबली. ती जन्मापासून आंधळी. लोकांचे "वा, वा" ऐकून तिने शांतपणे विचारले, "मास्तर, साऱ्यायले चांद दाखवून राह्यले. मले काहून नाही?"

झोपेतही उत्तर देणाऱ्या मास्तरांनी तिथल्या तिथे दुर्बीण आवरली. मग कितीतरी दिवस ते घरात डोळ्यांना उपरणे बांधून चाचपडत वावरत होते. मांजराला उशी समजून त्यांनी डोके टेकवले, अशी तक्रार त्यांच्या बायकोने माझ्याकडे केली.

शेवटी त्यांनी आपाला अंगणात बोलावले. पेटवलेल्या शेगडीजवळ एक गोल कोरे मडके टांगले. शेगडी म्हणजे सूर्य, मडके म्हणजे चंद्र, आणि आपा, तुम्ही पृथ्वी, असे सांगितले. आधी तिला मडक्याच्या शेगडीकडच्या बाजूला बसवले. हाताखालचे सगळे मडके गरम लागले. ही पुनव. मग मडक्याच्या पलीकडे नेले. आता तिच्याकडची बाजू गार होती. फक्त कडेला एक बारीक गरम रेघ. तिची बोटे तिथे थांबली, रेघेवरून पुन्हा पुन्हा फिरली.

"ईदचा चांद एवढासाच? याच्यासाठी सारा गाव घरायच्या धाब्यावर चढते?"

मास्तरांनी मान हलवली. मग ते आपाला दिसणार नाही हे लक्षात येऊन ते हळूच "हो" म्हणाले.

त्या ईदच्या आदल्या संध्याकाळी आपा पहिल्यांदा धाब्याच्या छतावर चढली. चांद दिसल्याचा गलका झाला तशी तिने मावळतीकडे तोंड करून दुआ मागितली. दुसऱ्या दिवशी मास्तरांना शिरखुर्मा देताना म्हणाली, "आजवर लोकायच्या भरोशावर मांगली. औंदा माह्या बोटायच्या."

पुढे मास्तरांची बदली झाली. चंद्राची कोर का होते, हे विचारायला गावातली पोरे अजून आपाकडेच जातात. ती सगळे नीट सांगते. मधेच "मास्तर असते तं..." म्हणते, आणि पोराचे बोट धरून मडक्यावर कोरीची रेघ ओढते.