जुन्या गावची माती

गोसीखुर्द धरणाचं पाणी शिवारात चढायला लागलं, तेव्हा लोकांनी घरांची कवाडं, छपरावरचे कवेलू, देवळातली घंटा, जे निघेल ते काढून नेलं. धनीरामने दोन ट्रॉल्या माती भरली. ती त्याच्या वाडीतल्या म्हाताऱ्या लिंबोणीखालची होती. कुणाला उलटी लागो की कुणाकडे लग्न निघो, सारं गाव तिच्याकडे यायचं. झाड काही हलवता येत नव्हतं. म्हणून त्याने माती आणली आणि पोतंभर पिकली लिंबं.

नवं गावठाण कोंढा गावाच्या बाजूला, जुन्या धानबांध्यांवर, म्हणजे पाणी धरणाऱ्या भातखाचरांवर बसवलेलं होतं. चिकट काळी जमीन. पावसाळ्यात अंगणात आठ-आठ दिवस पाणी साचून राहायचं. सावलीला झाड म्हणून नव्हतं. धनीरामने लिंबाच्या बिया रुजवल्या, प्रत्येक पिशवीत ती माती भरली आणि त्रेपन्न घरी रोपं नेऊन दिली. लोकांनी ती देवाचा प्रसाद घ्यावा तशी घेतली. पाचव्या-सहाव्या वर्षी फळं धरली, तेव्हा त्यातल्याच एका घरच्या वच्छलाबाई लिंबू हुंगून म्हणाल्या होत्या, "वास तोच आहे भाऊ."

नंतरच्याच पावसाळ्यात त्यांची लिंबोणी पिवळी पडू लागली. आधी पानाची मधली शीर पिवळी, मग सगळं पान. खोडाला जमिनीलगत डिंक आला. धनीरामला त्यात काही नवं वाटलं नाही.

"आपल्या जुन्या झाडालेही येत होता ना डिंक. लेकरं चघळत होते," तो म्हणाला. झाड भुकेलं असेल म्हणून त्याने बुंध्याशी शेणखताचा ढीग लावला, वरून पाणी दिलं. दोन महिन्यांत झाड निम्मं वाळलं. पुढच्या वर्षी अकरा घरची झाडं तशीच झाली.

तेव्हा रक्षा आली. ती त्या भागाची कृषी सहाय्यक, वयाने त्याच्या पोरीएवढी. तिने वच्छलाबाईंच्या झाडाची साल चाकूने खरवडली. आतून काळपट, ओली निघाली, आंबूस वास आला. मग तिने एक बारीक मूळ उकरून चिमटीत ओढलं. साल हातात आली, आत नुसता दोरा राहिला.

"हा डिंक्या आहे काकाजी. बुरशी मातीतून येते, मुळं सडवते. या रोपांची माती कुठची?"

वच्छलाबाईच अभिमानाने बोलल्या, "आमच्या गावची माती आहे बाई. धनीरामभाऊंनं आणली होती."

धनीरामने ते सडकं मूळ हातात घेतलं. त्याने विचारलं, "मंग ते झाड तिकडं काहून नाही मेलं?"

"तिकडं जमीन उताराची असन. पाणी थांबत नसन, तं बुरशीचा जोर चालला नाही. इथं बुंध्यापाशी पाणी भरून रायते."

तिने उपाय सांगितला. बुंध्याशी लावलेलं माती-खत बाजूला करायचं. सडकी साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून जाळायची. एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना वेगवेगळे भिजवून, एकत्र करून दहा लिटर पाण्यात मलम करायचं. भांडं प्लास्टिकचं घ्यायचं, लोखंडाचं नाही. ते पावसाळ्याआधी आणि नंतर कमरेएवढ्या उंचीपर्यंत खोडाला लावायचं. एका झाडाचा चाकू धुतल्याशिवाय दुसऱ्याला लावायचा नाही. ज्याची साल चारही बाजूंनी सडली, ते मुळासकट काढून जाळायचं, आणि त्या जागी पुन्हा लिंबू नाही.

"अन् सगळ्यात आधी पाणी काढा," ती म्हणाली.

धनीराम त्रेपन्न घरी गेला. प्रत्येक दारात आधी सांगायचा, "बिमारी माह्या मातीतून आली," आणि मग चाकू काढायचा. कुणी म्हणालं, "तुम्हाले का मालूम होतं?" ते त्याला शिवीपेक्षा जास्त लागायचं. गावातल्या भैय्यालालने मात्र त्याला अंगणात पाय ठेवू दिला नाही. "एक गाव पाण्यानं नेलं. आता हेही तुम्हीच नेऊन राहिले का?"

पाणी निघणार कुठून? एकाने नाली खोदली की ते दुसऱ्याच्या अंगणात शिरायचं. दोन घरांत त्यावरून बोलणं बंद झालं. त्या वर्षी आषाढात झड लागली आणि लावलेलं मलम निळ्या ओघळांनी खाली उतरलं. दिवाळीला त्रेपन्नातली नऊ झाडं उरली.

वच्छलाबाईंचं झाड काढायला तो कुऱ्हाड घेऊन गेला. त्या दारातच बसल्या होत्या.

"उभं राहू द्या ना."

"बाजूच्याले लागन, वहिनी."

"बाजूच्याचं राहिलं आहे का आता?"

ते खरंच होतं. तरी त्याने झाड तोडलं, मुळं खणली, जाळली. त्या आत निघून गेल्या.

घरी सत्यभामाबाईने, त्याच्या बायकोने, पाणी दिलं. ती एवढंच म्हणाली, "तुमी चांगल्यासाठीच केलं होतं." त्याने पाणी घेतलं नाही.

पुढच्या जूनमध्ये रक्षा पुन्हा आली, तेव्हा पाच झाडं होती. गावाच्या नालीसाठी ग्रामपंचायतीत दिलेल्या अर्जाचं काही झालं नव्हतं. धनीराम मलम लावत होता.

"वाचतीन का हे?" त्याने विचारलं.

तिने खोटं सांगितलं नाही. "पाणी निघत नाही तोवर नाही, काकाजी."

"हो," तो म्हणाला, आणि खोडाच्या मागच्या बाजूला मलम लावायचं राहिलं होतं ते लावू लागला.