नखरेवहिनीचा हिरवा अंगठा

केस कापायच्या त्या दुकानात सगळ्या जणी तिला नखरेवहिनी म्हणत. दुसऱ्यांची डोकी धुवून धुवून दिवसभर हात पाण्यात, तरी बोटांवर लांबलचक चिकटवलेली नखं हवीतच. ती काढली की आपण अर्ध्याच दिसतो, असं तिचं म्हणणं.

एकदा अंगठ्यावरचं चिकटवलेलं नख सैल होऊन निघालं, तर खालचं तिचं स्वतःचं नख शेवाळासारखं हिरवं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. वहिनी घाबरली नाही, लाजली मात्र. तिनं दहाही नखं गर्द हिरवी रंगवून टाकली. गिऱ्हाइकांना तो रंग असा काही भावला की बघता बघता समोरच्या शिवणवाल्या बाईंपासून बँकेतल्या मॅडमपर्यंत सगळ्यांची बोटं हिरवीगार. सध्या हाच चालतोय, असं वहिनी तोंड वर करून सांगत होती. खरं कारण तिनं कुणाला कळू दिलं नाही.

घरी मात्र सासूबाई होत्या. मधुमेहामुळे त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती आणि तिची पट्टी रोज वहिनीच बदलायची. एका सकाळी त्यांनी सुनेचा अंगठा धरला आणि रंगाचा टवका उडाला होता तिथे निरखून पाहिलं.

"हा रंग आतून आलाय. आज डॉक्टरांकडे तूही चल."

डॉक्टर म्हणाले, हा सुडोमोनास नावाचा जिवाणू. मोरी, बेसिन, जिथे ओल तिथे त्याचा मुक्काम. धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. फार तर नखाखाली ओल मिळाली की ते रंगवून बसतो. पण अंगात ताकद नसेल, कातडी फाटलेली असेल, तर संधी साधून आत शिरतो. मग त्यांनी विचारलं, आजींची पट्टी कोण करतं?

वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं नर्सकडून कात्री मागून घेतली आणि उरलेली सगळी नखं तिथल्या तिथे कातरली. जखमेचा नमुना तपासणीला गेला. रिपोर्ट येईपर्यंत तिनं दवाखान्यात रोज फोन लावला. जखमेत तो जिवाणू नाही म्हटल्यावर ती सासूबाईंना बिलगून रडली.

नवं नख येईपर्यंत औषधाचे थेंब, दुकानात हातमोजे आणि पट्टीचं काम नवऱ्याकडे. स्वतःचा पेलाही न उचलणारा हा गृहस्थ आईच्या पायाचं पार्सल बांधू लागला. सासूबाई कुरकुरत, पण पाय पुढे करत. वहिनीचं नख गुलाबी झालं, तरी त्यांनी तिला ते काम परत दिलं नाही.

"त्याला आत्ता कुठे जमायला लागलंय," त्या म्हणाल्या. "तू गुपचूप चहा पी."