व्हान मंडळींचे वारस

अमेरिकेतल्या डच वसाहतीच्या इतिहासावर अधिकारवाणीने बोलू शकतील असे मराठी गृहस्थ आजवर एकच झाले, आणि ते म्हणजे आमच्या शेजारच्या अनघाचे सासरे. हॉलंड त्यांनी एकदाच पाहिलं होतं. विमान बदलताना, काचेतून, आणि तेव्हाही बाहेर धुकं होतं.

नोकरीचा सगळा काळ त्यांनी सरकारी मोजणी खात्यात काढला होता. दुसऱ्यांच्या जमिनींना हद्दी घालून देण्यात आयुष्य गेलेला हा माणूस निवृत्तीनंतर बायकोसह न्यू जर्सीत मुलाकडे राहायला आला. दुसऱ्याच हिवाळ्यात काकू गेल्या. त्यांच्या अस्थी आमच्या वसाहतीमागून वाहणाऱ्या रॅरिटन नदीत सोडल्या. त्यानंतर काही महिने काका कोणाशी बोलत नव्हते, नुसते नदीकाठाने फिरत. एक दिवस क्लबहाउसच्या मागच्या झाडीत त्यांना एक गंजलेलं लोखंडी कुंपण दिसलं आणि आत थडग्यांचे कलंडलेले थोडे दगड. ते तडक आमच्याकडे चहाला आले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडून सलग वाक्यं ऐकली.

"नाव वाचलं मी. यान व्हान, आणि पुढचं झिजलंय. व्हान म्हणजे आपलं कर, बरं का. सातारकर, नगरकर, तसं. आपण मागे लावतो, ते पुढे. पण या गृहस्थाचा नुसता कर उरलाय हो. गाव पुसलं गेलं." मग त्यांनी बिस्कीट बराच वेळ चहात धरून ठेवलं, आणि तेही गेलं.

त्या दिवसापासून व्हान मंडळी आमच्या शेजारी राहायला आली. चर्चमधल्या जुन्या नोंदी, जिल्हा कचेरीतली खरेदीखतं आणि वाचनालयातल्या बाईंचा सोशिकपणा यांच्या बळावर काकांनी त्या कुटुंबाचा माग काढायला घेतला. यान बायकोला घेऊन बोटीने आला, आधी नदीच्या तोंडाशी राहिला, मग मुलगे वाढले तसा आत सरकला, हे ते अशा आपुलकीने सांगत की यानने निघण्यापूर्वी त्यांचा सल्ला घेतला असावा. खरेदीखतातली चतुःसीमा "पांढऱ्या ओकपासून ओढ्यापर्यंत" अशी होती. ओक तोडला गेला होता, ओढा पाइपात गेला होता. पण हद्दीच्या खुणा नसणं ही मोजणी खात्यातल्या माणसाला अडचण वाटत नाही. काका टेप घेऊन निघाले, आणि ओक ट्री रोडवरच्या एका साडीच्या दुकानात शिरून मालकाला म्हणाले, "तुमची ट्रायल रूम त्यांच्या गोठ्यात येते." मालक गुजराती होता. "काका," तो शांतपणे म्हणाला, "रेंट तो मैं दे रहा हूँ."

पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, काका आले की लोक आपली ताटं सांभाळत, कारण डाळ-भाताची नदी करून व्हान मंडळींची शेतं कुठे होती ते दाखवायची त्यांना सवय होती. अनघाने डोनट आणले तर म्हणत, "हे इथे यांच्याच लोकांनी आणलं. तेलात तळलेलं, मधे भोक. म्हणजे वडाच की!" त्यांची नात इरा वैतागून म्हणे, "आजोबा, दे आर नॉट इव्हन आवर्स!" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "कब्जा आधीचा त्यांचा आहे, बाळ. आपण शेजारी. शेजाऱ्याची चौकशी करावी."

पण कळस झाला तो सर्वपित्रीला. काकूंचं पान वाढायचं होतंच. पुण्याचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते. काका म्हणाले, अजून एका कुटुंबाचं तर्पण करायचंय, ज्यांचं इथे कोणी येत नाही. "गोत्र?" गुरुजींनी विचारलं. "माहीत नाही." "मग काश्यप म्हणा," गुरुजी म्हणाले. अशा रीतीने हॉलंडहून आलेला यान व्हान न्यू जर्सीतल्या एका किचनमध्ये काश्यपगोत्री झाला. एक पान नदीकडच्या सपाट दगडावर काकूंसाठी आणि एक यानच्या दगडापाशी ठेवून आम्ही कावळ्याची वाट पाहत उभे राहिलो. कावळे इथेही आहेत, पण त्यांना या व्यवहाराची कल्पना नाही. आले ते कॅनडा गीज, इकडचे दांडगे रानहंस, कळपाने, आणि खीर-वड्यांसकट दोन्ही पानं साफ करून वर आमच्याच अंगावर धावून आले. आठवड्याभरात हाउसिंग असोसिएशनची नोटीस आली. पक्ष्यांना खाऊ घालू नये. खाली अध्यक्ष रॉन यांची सही. पुढे ती दरवर्षी येत गेली.

मग अनघाच्या नवऱ्याला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला नोकरी मिळाली. घर विकायला काढलं, आणि काकांनी व्हान मंडळींचा जिवंत वारस शोधण्याची एकदम घाई सुरू केली. मी म्हटलं, "काका, तीनशे वर्षं थांबलेत ते, अजून थोडे थांबतील. एवढं काय अडलंय?"

ते नदीकडे बघत म्हणाले, "इथून गेलेल्यांचं कोणी परत येतं का, एवढंच बघायचंय मला. तिला एकटीला ठेवून चाललोय हो मी."

मी कर्मकांडाची यथेच्छ टिंगल करणारा माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर जिल्हा कचेरीत गेलो.

वारस सापडला. मुलींच्या बाजूने, आडनावं बदलत बदलत वंश खाली आला तो थेट रॉनच्या आईपर्यंत. आम्ही गेलो तेव्हा रॉन शॉर्ट्स घालून पानं उडवायचं मशीन चालवत होता. अनघाने सगळं इंग्रजीत समजावलं. त्याने मशीन बंद केलं, विचार केला आणि म्हणाला, "हं. आय थॉट वुई वेअर आयरिश."

काकांचा चेहरा पडला. तरीही त्यांनी हद्दीचा दगड दाखवावा तसा हात नदीकडे केला आणि अनघाला म्हणाले, "सांग त्याला, वर्षातून एकदाच, तारीख मी कळवत जाईन. तळलेलं काहीही चालतं. आणि जमलं तर पलीकडच्या दगडावर हिचंही." अनघाने ते सांगताना रॉनकडे बघायचं टाळलं. रॉन म्हणाला, "वुई डोन्ट रिअली डू दॅट," आणि मशीन सुरू केलं.

फ्रीमाँटहून काकांचे फोन येत. तिकडचे डोंगर पिवळे आहेत, नदी कोरडी आहे, आणि "पूर्वी इथे स्पॅनिश लोक होते म्हणे," असं ते एकदा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, "मागे झाडीत गेला होतात का कधी?" मी हो म्हणालो, जे खोटं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी वडे घेऊन गेलो.

यानच्या दगडापाशी पेपर नॅपकिनवर एक साखरेचा डोनट होता. दुसरा नदीकडच्या सपाट दगडावर होता, वाऱ्याने उडू नये म्हणून नॅपकिनवर छोटा खडा ठेवलेला. मी माझे वडे शेजारी मांडले आणि थोडा वेळ उभा राहिलो. पाणी संथ होतं. फोनवर फोटो काढून काकांना पाठवला. फोटो पाहिल्याची खूण तेवढी आली.

मग गीज आले.

आठवड्याभरात मला असोसिएशनची नोटीस आली. पक्ष्यांना खाऊ घालू नये. खाली रॉनची सही होती.