दुसरी पसंती

मुलांनो, मी तुमच्या आत्याकडे राहते त्या गावात, आयर्लंडमधल्या कॉर्कला, सध्या महापालिकेची निवडणूक आहे. गावात राहणाऱ्या परदेशी माणसालाही त्यात मत असतं, म्हणून मलाही आहे. इथे मतपत्रिकेवर शिक्का मारत नाहीत. उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीचे आकडे लिहितात. पहिल्या पसंतीचा माणूस बाद झाला की मत दुसऱ्याकडे जातं.

आज दुपारी मी घरी एकटीच होते. बेल वाजली. दारात भिजलेला, पन्नाशीचा एक उमेदवार उभा होता. माझी पहिली पसंती निवडणुकीला उभ्या असलेल्या शेजारच्या बाईंना आहे, असं मी त्याला स्पष्टच सांगितलं.

"मग दुसरी मला द्या, मॅडम."

"दुसरी मागायला संकोच नाही वाटत?"

"मागच्या खेपेला वाटला, म्हणून तर पडलो!" तो हसून म्हणाला.

तुमचे आजोबा होते तोवर मी कुणाची तरी पहिली होते. आता प्रत्येकाचं पहिलं माणूस वेगळं आहे, आणि ते तसंच असावं. मी मात्र तुम्हाला फोन केला की, "कामात असाल, राहू दे," म्हणून स्वतःच ठेवून देते.

चहाचं विचारेपर्यंत तो पुढच्या दाराशी पोचलाही. तिथेही तो तेच मागत होता, तितक्याच मोकळेपणानं.

संध्याकाळी फोन करीन. कामात असलात तर तसं सांगा. मी थांबेन.