चुन्याची रेघ

"अरं थांब, पानी उतरतंय! दीडला फिरंल, मंग जा!"

बाबा दिघीच्या जेट्टीवरून ओरडत होता आणि मी आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीत ट्रंकेवर बसून ऐकू न आल्याचं सोंग करत होतो. सोंग अवघड होतं. त्या आवाजानं पलीकडच्या किनाऱ्यावरच्या बकऱ्यांनी माना वर केल्या आणि घाबरलेल्या तिकीटवाल्यानं मला दोन तिकिटं फाडली. भोपाळच्या बर्फाच्या कारखान्यात नोकरी लागली होती. पनवेलहून सुटणारी गाडी कुणाच्या भरतीसाठी थांबणार नव्हती.

आमच्या घरात भरतीला निघायचं. बाबानं घड्याळ कधी बांधलं नाही. तिथीची पाऊणपट केली की त्याची भरतीची वेळ. अष्टमीला सहाला पुरी भरती, दशमीला साडेसातला. त्याच्या सहा तास आधी पाणी फिरून चढायला लागतं, तेव्हा निघायचं. आणि कुणी निघालं की पाणी असेल त्या पायरीवर आय चुन्याची रेघ ओढायची. पाणी परत रेघेवर चढलं की माणूस सुखरूप, मग चूल पेटायची. भरतीला निघालं तर रेघ लगेच बुडते. मी निघालो दशमीला दहा वाजता, उतरत्या पाण्यात. आय त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चुलीपुढं बसून होती म्हणे, काडी न ओढता.

तुम्ही जे मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे गेलात, त्या सगळ्यांना मी भोपाळच्या तलावाच्या थापा मारल्या आहेत. त्यात देवमासा नाही. लाटेनं शेजाऱ्याची स्कूटर नेली नव्हती. ती चोरानं नेली. आज कबूल करून टाकतो, कारण शेवटची थाप मला महागात पडली.

आय गेली आणि बाबा दिघीला एकटा राहिला. त्याला इकडं आणायचं म्हणून मी फ्लॅट घेतला. दलाल म्हणाला, "भाईसाब, प्रॉपर लेक व्ह्यू है." होताच. स्वयंपाकघरात सिलिंडरवर चढून जिराफासारखी मान काढली की दोन इमारतींच्या फटीत ताटाएवढं पाणी दिसायचं. त्या ताटासाठी सही केली. बाबाला फोनवर म्हणालो, "समुद्रच आहे रे. मीठ तेवढं घालायचं राहिलंय. बारीकशी भरतीपण येते."

"भरती येते?"

त्यानं तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हणालो.

तो आला. सुक्या बोंबलांच्या पिशवीनं त्याला गाडीत अख्खा बाक मिळवून दिला होता, त्यामुळं खुशीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चुन्याची डबी घेऊन घाटावर गेला आणि पाण्यालगतच्या पायरीवर रेघ ओढून बसला. बायको डबा नेऊन द्यायची. तिसऱ्या दिवसापासून शेंगदाणेवाला विचारायला लागला, "चाचा, आया पानी?" बाबा मान हलवायचा. तळ्याला भरती नसते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या देवळामागं तळं होतंच. पण पोरानं तीनदा सांगितलं होतं.

आठव्या दिवशी मी शेजारी जाऊन बसलो. वैशाखाच्या उन्हानं पाणी रेघेच्या चार बोटं खाली गेलं होतं.

"जातंय खरं," बाबा म्हणाला. "येत न्हाय."

"बाबा, मी..."

"असूंदे. आयला पन तू असाच फसवायचास, येतो येतो म्हनून."

फ्लॅटच्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे, पितळेची. दिघीच्या घराला कुलूप नाही, बाबा लावत नाही. मी आलोच तर किल्ली कुठं शोधणार, म्हणतो. पण तिथं माझ्यासाठी चूल थांबवणारी गेली, आणि इथं जो थांबेल असं वाटलं होतं त्यानं पिशवी भरली.

सकाळी रिक्षा आली. सगळी सोसायटी गॅलरीत येईल एवढ्या आवाजात मी ओरडलो. आवाज त्याचाच घेतलाय मी. "बाबा, थांब! पंचमी आहे, पावणेचारला पुरी भरती, पावणेदहाला पाणी फिरेल! तेव्हा जा, मी रेघ ओढतो!"

बाबानं पिशवी मांडीवर घेतली.

"इथनं कवापन निघलं तरी चालतं," तो म्हणाला. "तुमी जेवून घ्या."